१९१५चे दोन कायदे, स्कॉचचा पेला आणि बालाघाटचा मोह

भारत आणि ब्रिटन यांच्यातील सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. कापड, चामडे, मोटारी, सेवाक्षेत्र असे अनेक विषय त्या करारात आहेत. सामान्य वाचकाच्या लक्षात मात्र मुख्यतः एकच गोष्ट राहिली: स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के आयात शुल्क अंमलबजावणीबरोबर निम्म्यावर, म्हणजे ७५ टक्क्यांवर येणार आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरत दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर स्थिरावणार. स्कॉच स्वस्त होणार, या वार्तेने मद्यप्रेमींमध्ये जो उत्साह संचारला, त्याचा अर्थ नीट लावायचा तर एकीकडे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो आणि दुसरीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहावे लागते. गोमंतकातील काजूची भट्टी या दोन टोकांच्या मधोमध येते.

प्रथम किमतीविषयी. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे आणि त्यावरील अबकारी कर हा राज्यांचा अधिकार आहे. दुकानात बाटलीवर जी किंमत छापलेली असते, तिच्यात केंद्राचे आयात शुल्क हा केवळ एक थर असतो. त्यावर राज्याचा अबकारी कर, मूल्यवर्धित कर, परवाना आणि लेबल नोंदणीचे शुल्क, वितरक व विक्रेत्याचा नफा असे थर चढत जातात. त्यामुळे शुल्क निम्मे झाले म्हणून बाटली निम्म्या किमतीत मिळेल, ही अपेक्षा फोल आहे. राज्ये याबाबत किती वेगाने दिशा बदलतात हे शेजारच्या महाराष्ट्रात दिसते. त्या सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणले आणि जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क भरघोस वाढवले. दिल्लीने सोडलेले पैसे मुंबई, भोपाळ किंवा पणजी उचलून घेणार नाही, याची हमी कोणताही करार देत नाही.

किमतीपेक्षा मोठा परिणाम ग्राहकावर होणार आहे. संख्येने पाहता भारत ही आजच स्कॉचची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. २०२४ मध्ये सुमारे १९ कोटी २० लाख बाटल्यांइतकी स्कॉच भारतात आली. तरीही देशात प्यायल्या जाणाऱ्या एकूण व्हिस्कीत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. उरलेली बहुतांश व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात थोडे माल्ट किंवा पिंपांतून आणलेली स्कॉच मिसळून तयार होते. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते, म्हणून तिकडे हे पेय व्हिस्की या नावाने विकताही येत नाही. म्हणजे स्कॉच स्वस्त होईल तसा जो नवा ग्राहक तिच्याकडे वळेल, तो बहुधा व्हिस्की पिऊन आलेला असेल, पण धान्याची व्हिस्की त्याने क्वचितच चाखलेली असेल. त्याची सुरुवात खऱ्या अर्थाने पहिल्या पायरीपासून आहे.

ही पायरी चढताना बहुतेक जण चुकीच्या जागी पैसे घालतात. जुनी आणि महाग बाटली आधी घेतली जाते आणि ती बर्फ व सोड्यात बुडवली जाते. थंडीने मद्याचा गंध दबतो, आणि स्कॉचची चव निम्म्याहून अधिक गंधातच असते. म्हणून बाटलीआधी पेला बदलावा, हा जाणकारांचा पहिला सल्ला असतो. खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता होणारा पेला गंध धरून ठेवतो. त्यात थोडेसेच मद्य घ्यावे, नाक एकदम आत न खुपसता ओठ किंचित विलग ठेवून हळू वास घ्यावा, छोटा घोट जिभेवर फिरवावा, आणि मग साध्या तापमानाच्या पाण्याचे काही थेंब घालून हीच क्रिया पुन्हा करावी. पाण्याने मद्य बिघडते हा गैरसमज आहे. काही थेंबांनी दारूचा जळजळीत वास मागे सरतो आणि त्यामागचे गंध पुढे येतात. ब्लेंडेड स्कॉचपासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. जगात सर्वाधिक विकली जाते ती तीच. तिच्यानंतर स्पेसाइडकडील सौम्य, फळांच्या गंधाचे सिंगल माल्ट आणि सर्वांत शेवटी आयला बेटावरचे धुरकट माल्ट, हा क्रम जिभेला सोसतो.

गंधांची ओळख पटवायला परदेशी पुस्तकांतील ब्लॅकबेरीची उपमा गोमंतकीयाच्या कामाची नाही. ओकच्या लाकडात असे काही घटक असतात की त्यात मुरलेल्या मद्याला चक्क नारळाचा वास येतो. अमेरिकेत बर्बन साठवलेल्या पिंपात हा वास आणि व्हॅनिलाचा गोडवा अधिक जाणवतो. शेरीच्या पिंपात मुरलेल्या मद्यात मनुका आणि खजूर सापडतात. स्कॉटलंडच्या बेटांवर जळाऊ लाकडाचा दुष्काळ होता, म्हणून दलदलीत शतकानुशतके दबलेल्या वनस्पतींचे पीट नावाचे इंधन जाळून मोड आलेले जव वाळवत. तो धूर धान्यात उतरला आणि पेल्यापर्यंत आला. पहिल्यांदा पिणाऱ्याला त्यात औषधाचा, खारट वाऱ्याचा, कधी सुक्या मासळीचा भास होतो. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला या वासाचे वावडे असण्याचे कारण नाही.

लेबल वाचणे हा पुढचा पाठ, आणि येथे रसास्वाद संपून कायदा सुरू होतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, भांड्याच्या भट्टीत काढलेले मद्य. ते एकाच पिंपातले असते असे नाही. बाटलीवरील १२ किंवा १८ हा आकडा तीत मिसळलेल्या सर्वांत तरुण मद्याचे वय सांगतो. बाटलीत भरल्यावर मद्याचे वय वाढत नाही. आजोबांच्या कपाटात तीस वर्षे पडून राहिलेली १२ वर्षांची स्कॉच आजही १२ वर्षांचीच असते. गडद रंग म्हणजे जुने मद्य असेही नाही, कारण रंगासाठी साखरेचे कॅरामल घालण्यास मुभा आहे. हे सारे ठरवणारे ब्रिटनचे स्कॉच व्हिस्की नियम २००९ सालचे आहेत. स्कॉटलंडमध्येच ऊर्ध्वपातन, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षे मुरवणे, किमान ४० टक्के मद्यांश आणि पाच नेमके प्रकार अशी ती चौकट आहे. स्कॉचच्या घोटाला जी प्रतिष्ठा लाभली आहे, तिच्यात जवाचा आणि पाण्याचा वाटा आहे, तेवढाच या चौकटीचाही आहे.

ही चौकट मुळात मद्यप्रेमातून उभी राहिलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये गावोगावी बेकायदा भट्ट्या होत्या. शेतकरी उरलेल्या जवाची दारू गाळत, त्यातून जमिनीचा खंड भागवत आणि अबकारी शिपायांशी लपंडाव खेळत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा त्याने ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या अशाच चोरट्या मद्याची मागणी केली, अशी कथा सांगितली जाते. १८२३च्या कायद्याने दहा पौंड वार्षिक शुल्कात परवाना दिला आणि मद्यावरील कर निम्म्याहून खाली आणला. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्याने ग्लेनलिव्हेटमध्ये परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले एवढे चिडले की स्मिथला कमरेला पिस्तुले लावून वावरावे लागले. आज विमानतळांच्या दुकानांत मखमली खोक्यांत मांडले जाणारे ते नाव कधीकाळी गावठी दारूचे नाव होते.

दुसरा निर्णायक टप्पा १९१५ सालचा. पहिले महायुद्ध ऐन भरात होते आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार पिऊन पडतात, अशी तक्रार होती. लॉईड जॉर्ज हे मद्यपानाचे कट्टर विरोधक. त्यांचा कल कठोर निर्बंधांकडे होता. मद्य उद्योगाशी झालेल्या तडजोडीतून कच्च्या मद्याला आळा घालणारा कायदा त्या वर्षी ब्रिटिश संसदेने केला. दोन वर्षे पिंपात ठेवल्याविना व्हिस्की विकता येणार नाही, अशी अट आली आणि लगेच पुढच्या वर्षी ती तीन वर्षांची झाली. आजचा रसिक ज्या मुरलेपणावर लुब्ध असतो, त्याची सक्ती दारूबंदीच्या दबावातून झाली. सरकारने मद्यावर बंदी घातली नाही. मद्य कसे असावे याची अट घातली. बड्या उत्पादकांना ती अट परवडली, लहानांना जड गेली, हेही नोंदवायला हवे.

त्याच १९१५ साली त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक मद्यविषयक कायदा झाला. त्याचे नाव मध्य प्रांत अबकारी कायदा. नाव बदलून आणि वेळोवेळी दुरुस्त होऊन तो मध्य प्रदेश अबकारी अधिनियम, १९१५ या रूपाने आजही लागू आहे, आणि बालाघाट जिल्हा त्याच्या अंमलाखाली येतो.

मराठवाड्यातील बालाघाटची डोंगररांग आणि हा जिल्हा यांची गल्लत होऊ नये. हा बालाघाट वैनगंगेच्या खोऱ्यातला, महाराष्ट्रातील गोंदियाला लागून असलेला. भंडारा, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ मध्ये तो बनला. नागपूर ही ज्या मध्य प्रांताची राजधानी, त्यातच तो होता. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. लांजी, वारासिवनी या भागांत मराठी आजही कानी पडते. जिल्ह्याच्या सखल भागात भातशेती आहे, तेथील चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. बैहर, बिरसा, परसवाडा या उंच भागांत गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आहे. कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात येते. आणि या साऱ्या पट्ट्यात मोहाची झाडे आहेत.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये, पहाटेच्या वेळी गळतात. फिकट पिवळसर, मांसल, रसाने टच्च. उजाडण्याआधीच बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उन्ह चढले की फूल कोमेजते आणि गुरे, हरणे, अस्वले हेही त्याच मेजवानीचे मानकरी असतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. त्यामुळे मोह हे आधी अन्न आहे. दुष्काळात ते भाकरीची जागा घेते, एरवी ते भाजून, उकडून, पिठात मिसळून खातात. दारू त्यानंतर येते. भिजवलेली फुले आंबवून ती मातीच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या उतरंडीत गाळतात. ही दारू केवळ नशेची वस्तू नाही. जन्म, लग्न, मृत्यू, देवाला आणि पूर्वजांना अर्पण, भांडण मिटवताना बसलेली पंचायत, या प्रत्येक ठिकाणी तिला जागा आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे या भागातील जीवनक्रम जगापुढे आला.

येथे एक विसंगती नजरेआड करणे कठीण आहे. स्कॉचच्या भट्ट्या तांब्याच्या असतात, त्या शोभेसाठी नव्हेत. तांबे मद्यातील गंधकाचे दुर्गंधी घटक शोषून घेते. भांडे तांब्याचे नसेल तर मद्याला उकडलेल्या कोबीसारखा वास राहू शकतो. गोव्यातील फेणीचे भाणही परंपरेने तांब्याचेच. आणि देशातील तांब्याच्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक, हिंदुस्थान कॉपरची मलांजखंड खाण, बालाघाट जिल्ह्यातच आहे. १९८२ पासून तेथील तांबे डोंगर पोखरून बाहेर जात आहे. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी मोह मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात गाळला जातो.

१९१५च्या दोन कायद्यांतला फरक याच ठिकाणी कळतो. ब्रिटनमधल्या कायद्याने मद्याचा दर्जा ठरवला. मध्य प्रांतातल्या कायद्याने मद्य कोण करील आणि त्याचा पैसा कोणाच्या तिजोरीत जाईल हे ठरवले. गावोगावच्या भट्ट्यांची जागा ठेकेदारांनी आणि त्यांच्या मोठ्या कारखान्यांनी घ्यावी, हीच त्या काळातील अबकारी धोरणाची सर्वसाधारण दिशा होती. पुढे अनुसूचित जमातींना घरगुती वापरापुरती, ठरावीक मर्यादेत दारू गाळण्याची सवलत मिळाली. सवलत म्हणजे दंड होणार नाही एवढेच. त्या सवलतीत विकण्याचा हक्क नव्हता, आणि विकता येत नाही त्या वस्तूला दर्जाही सहसा मिळत नाही. मर्यादा ओलांडली की नाही हे ठरवणार गावात आलेला शिपाई. सणासुदीला गाळलेल्या दारूवरून होणारी धरपकड आणि तोडपाणी ही आदिवासी भागांतील जुनी तक्रार आहे, ती याच फटीतून निघते.

मुंबई इलाख्यात तर याहून पुढची मजल गाठली गेली. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर १८९२ मध्ये खास मोहासाठी कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावरच निर्बंध आले. दारूपर्यंत न थांबता कायदा फुलापर्यंत, म्हणजे गरिबाच्या अन्नापर्यंत पोहोचला. याच १८७८ सालाच्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला, त्याने ब्रिटिश हिंदुस्थानची मिठाची आणि अबकारीची पद्धत गोव्यावरही लादली. मिठागरांची दैना इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. त्याच तहाने माडाच्या आणि भाटीच्या व्यवसायालाही वेढले होते, याची आठवण फारशी काढली जात नाही. बालाघाटचा मोह आणि गोमंतकाची फेणी ही एकाच साम्राज्याच्या महसुली हिशेबात अडकलेली भावंडे आहेत.

त्या हिशेबातून सुटण्याचा प्रयत्न दोन्हीकडे अलीकडेच सुरू झाला. गोव्याने तो आधी केला. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून फेणीला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आले. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाच्या मद्याला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा बालाघाटशेजारच्या मंडला येथे केली. २०२२-२३च्या अबकारी धोरणात ती आली, २०२३ मध्ये नियम झाले. हे मद्य मोहफुलांपासून, आदिवासी स्वयंसहाय्यता गटांनीच करायचे, ही त्या नियमांतील सर्वांत महत्त्वाची तरतूद आहे. अलिराजपूरहून ‘मोहुलो’ आणि डिंडोरीहून ‘मोंड’ ही पहिली दोन नावे बाजारात आली. त्या पहिल्या जोडीत बालाघाटचे नाव नव्हते.

धोरण कागदावर चांगले आहे. पण स्कॉचच्या इतिहासाशी ताडून पाहिले की त्याच्या उणिवा दिसू लागतात. १८२३चा परवाना स्वस्त होता आणि जो गाळत होता त्याच्याच दारात पोहोचला होता. मोहाच्या बाबतीत कारखाना उभारायचा, बाटली, लेबल, प्रयोगशाळेतील तपासणी, वितरण हे सारे पार पाडायचे, आणि ते काम एखाद्या गटातील दहा-वीस बायकांनी करायचे. भांडवल सरकारचे, यंत्रे बाहेरच्यांची, बाजारपेठ भोपाळ-इंदूरच्या पर्यटकांची. अशा व्यवस्थेत गट नावापुरता उरण्याचा धोका असतो. दुसरी उणीव दर्जाच्या व्याख्येची. कोणत्या झाडाचे, कोठले, कसे वेचलेले फूल, याला महत्त्व दिल्याशिवाय मोहाच्या मद्यात प्रदेशाची चव उतरणार नाही. आज वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या आगी जंगलात पसरतात आणि फुलांना राख लागते. झाडाखाली जाळी बांधून फूल झेलले तर वणवाही टळतो आणि फूलही स्वच्छ राहते. हा खर्च फार नाही, पण स्वच्छ फुलाला वेगळा भाव मिळाला तरच कोणी तो करील. हंगामात स्वस्तात विकलेला मोह पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून महाग घ्यायचा, हे चक्र चालू असेपर्यंत तो भाव वेचणाऱ्याच्या हाती पडणे कठीण.

मुरवण्याबाबत मात्र स्कॉचची नक्कल करण्याची गरज नाही. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातील मद्य वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास उडून जाते. आपल्याकडील उष्ण हवेत ते कितीतरी अधिक वेगाने उडते आणि लाकूडही वेगाने चढते. कुंकळ्ळी येथे जॉन डिस्टिलरीजने भारतीय जवापासून केलेले ‘पॉल जॉन’ हे सिंगल माल्ट २०१२ मध्ये आधी ब्रिटनच्या बाजारात उतरले आणि नंतर येथे नावारूपाला आले. त्याआधी २००४ मध्ये बंगळूरच्या ‘अमृत’ने आपले माल्ट थेट ग्लासगोत नेले होते. अल्प काळात मुरलेले भारतीय माल्ट परदेशी परीक्षकांनी वाखाणले, ते हवेचा हा गुण ओळखून काम केल्यामुळे. मोहाचा आणि फेणीचा गुण त्याहून वेगळा आहे. दोन्ही फुला-फळांची मद्ये आहेत, ताजेपणीच त्यांचा गंध बोलतो. हुर्राकाची वाट पाहणाऱ्या गोमंतकीयाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. काजूचे बोंडू आणि मोहाचे फूल एकाच ऋतूत गळते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

या साऱ्या विवेचनाला एक सबळ आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. दारूने आदिवासी घरांची जी धूळधाण केली आहे, ती वारशाच्या लेबलाने झाकायची काय? गडचिरोलीत स्त्रियांच्या आणि ग्रामसभांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही. हे १८ वर्षांच्या स्कॉचलाही लागू आहे. मध्य प्रदेशातच जानेवारी २०२१ मध्ये मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून अधिक बळी घेतले. परंतु या उदाहरणांचा नीट विचार केला तर त्यांचा रोख मोहावर येत नाही. अशा दुर्घटनांमागे बहुधा मिथेनॉलची भेसळ असते, आणि ती भेसळ होते ती जेथे मद्य लपूनछपून, वेगाने आणि नफ्यासाठी फिरते तेथे. गडचिरोलीचा प्रश्नही बंदी असावी की नसावी एवढाच नाही. निर्णय ग्रामसभेने घ्यावा की ठेकेदाराच्या सोयीने व्हावा, हा त्यातला खरा मुद्दा. बालाघाटच्या एखाद्या गावाने भट्टीचा परवाना घ्यायचा ठरवले किंवा दारूच नको असे ठरवले, तरी दोन्ही वेळा तो निर्णय झाडाखाली फुले वेचणाऱ्या बाईच्या उपस्थितीत व्हायला हवा. वारसा मद्याच्या नियमांत तिच्या मताला कोठे जागा आहे, हे शोधावे लागते.

रसिकतेलाही वर्गाची चौकट असते. ‘पीटर स्कॉट’ या भारतीय व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशनने खोडे कंपनीविरुद्ध लढवलेला दावा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. दावा आणायला झालेला विलंब हे एक कारण होतेच. त्याबरोबर न्यायालयाने असेही म्हटले की स्कॉच घेणारा ग्राहक सुशिक्षित, पैशाचे मोल जाणणारा असतो, तो नावाने सहज फसत नाही. निकाल भारतीय कंपनीच्या बाजूने गेला. त्यातील गृहीत मात्र बोलके आहे. स्कॉच पिणारा विचारपूर्वक पितो आणि मोहाची किंवा फेणीची दारू पिणारा केवळ झिंगण्यासाठी पितो, अशी वाटणी आपल्या कायद्यांनी, दुकानांच्या मांडणीने आणि घराघरांतील बोलण्याने दीडशे वर्षे जोपासली आहे. निमुळत्या पेल्यात फेणी ओतून, नाकाशी नेऊन, पाण्याचे दोन थेंब टाकून बोंडवाचा वास शोधणाऱ्याला अजूनही विनोदाने पाहिले जाते. स्कॉचसाठी शिकलेली सारी कृती तीच असते.

शुल्ककपातीचे परिणाम याच वाटणीवर होतील. स्कॉच मधल्या किमतीच्या पट्ट्यात उतरेल तशी भारतीय माल्टवर स्पर्धा येईल. ते उत्पादक समर्थ आहेत, सरकारदरबारी आपली बाजू मांडायला त्यांच्या संघटनाही आहेत. करार होण्यापूर्वी तीन वर्षांच्या अटीमुळे ब्रिटनमध्ये आपल्या व्हिस्कीची वाट अडते, हा मुद्दा त्यांनी लावून धरला होता. फेणी आणि मोह यांच्यासाठी असा आग्रह धरणारे वजनदार कोणी नाही. आणि त्यांची अडचण ब्रिटनच्या बंदराशी नाही, घरच्याच सीमांशी आहे. आयात केलेल्या स्कॉचचा वितरक प्रत्येक राज्यात लेबलची नोंदणी करतो, शुल्क भरतो आणि विकतो. फेणीवर वर्षानुवर्षे देशी दारूचा शिक्का असल्याने गोव्याबाहेरच्या दुकानात तिला जागाच नव्हती. वारसा दर्जा देण्यामागे तो शिक्का पुसण्याचा हेतू होता, पण गोव्याने दिलेला दर्जा दुसऱ्या राज्याच्या अबकारी खात्याला बांधील नसतो. मध्य प्रदेशच्या मोहालाही तेच लागू आहे. ब्रिटनशी होणाऱ्या व्यवहारासाठी दहा वर्षांचे वेळापत्रक आखले गेले आहे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे फेणीला कोणत्या नियमाने जाता येईल आणि बालाघाटची सीमा ओलांडून मोहाची बाटली शेजारच्या गोंदियात कायदेशीरपणे कशी पोहोचेल, याचे वेळापत्रक दिल्ली, भोपाळ, मुंबई किंवा पणजी यांपैकी कोणीही अद्याप मांडलेले नाही.